चलान हाती आले तर
(भुसावळ येथे रेल्वे व टपाल कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात संघटनेच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गात माझा विषय ऐकून काहीजण हसले. सकाळी पेन्शनवर बोलणे झाले, रिक्त पदांवर झाले, आणि दुपारी सचिव उठले ते ट्रॅफिकच्या चलानावर. हसू द्या. पण गेल्या काही वर्षांत आमच्या शाखा कार्यालयात जी माणसे संध्याकाळी येतात, त्यांतल्या कितीतरी जणांच्या हातात आता बदलीचा अर्ज नसतो, मोबाइल असतो. "दादा, हे बघा काय आलंय." बघावे तर चलान. कुणाचे पाचशेचे, कुणाचे दोन हजारांचे, आणि एकाचे तर ज्या गावाला तो आयुष्यात गेला नाही त्या गावचे.

मी वकील नाही. दहावी पास माणूस, खलाशी म्हणून लागलो, पुढे संघटनेने जे शिकवले ते शिकलो. त्यामुळे कायद्याची भाषा माझ्या तोंडी जड वाटेल. पण हा विषय मी पुस्तकातून शिकलो नाही, एका चुकीतून शिकलो आणि ती चूक माझी होती. ती आधी सांगतो.

आमच्या सेक्शनमध्ये एक ट्रॅकमन होते. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा. २०१७ साली मित्राची मोटारसायकल घेऊन निघाला, लायसन्स नाही, वळणावर एका हातगाडीला धक्का दिला. कुणाला लागले नाही, हातगाडीवाल्याची नुकसानभरपाई तिथल्या तिथे दिली. तरी पोलिसांनी लायसन्स नसताना गाडी चालवणे आणि धोकादायक रीतीने चालवणे अशी दोन कलमे लावून प्रकरण न्यायालयात पाठवले. बाप माझ्याकडे आला. मी म्हणालो, "यात काय आहे? पोराला सांगा, गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो." पोराने कबूल केले, बाराशे रुपये दंड झाला, भरला. सगळे विसरले.

दोन वर्षांनी तोच मुलगा रेल्वेच्या भरतीत पास झाला. शारीरिक चाचणी झाली, मेडिकल झाले. मग आला चारित्र्य पडताळणीचा फॉर्म. त्यात एक प्रश्न असतो. तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर खटला झाला आहे का, न्यायालयाने कधी दंड केला आहे का? पोराने लिहिले, "नाही." त्याच्या मनात खोटे नव्हते. त्याला ते 'चलान' वाटत होते, आणि चलान म्हणजे गुन्हा असे आपल्याकडे कुणी मानत नाही. पोलिसांच्या पडताळणीत न्यायालयाची नोंद निघाली. नोटीस आली. दंड झाल्याबद्दल विचारणा नव्हतीच, माहिती दडवल्याबद्दल होती. त्या फॉर्मच्या सुरुवातीलाच छापलेले असते की माहिती खोटी दिली किंवा लपवली तर उमेदवार अपात्र ठरेल.

आम्ही उत्तर तयार केले. त्यात आधार घेतला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग खटल्याचा. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात म्हटले आहे की माहिती खरी आणि पूर्ण देणे उमेदवाराला बंधनकारकच आहे, पण गुन्हा किरकोळ स्वरूपाचा असेल तर ती चूक पोटात घालण्याचा विवेक मालकाने वापरावा. दहा महिने कागद फिरले. मुलगा शेवटी रुजू झाला, पण त्याच्या बरोबरीची मुले तोवर त्याच्या पुढे गेली होती. आणि त्या दहा महिन्यांत त्याच्या आईने माझ्या घराचा उंबरा चढायचे सोडले होते. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही.

म्हणून आज सांगतो ते नीट ऐका. चलान आल्यावर माणसापुढे वाटा एकापेक्षा जास्त असतात, आणि प्रत्येक वाटेच्या शेवटी वेगळा कागद मिळतो. आपल्यासारख्या सरकारी नोकराला तो कागद रकमेइतकाच महत्त्वाचा.

पहिली गोष्ट, घाईने काही करू नका. मोबाइलवर चलानाचा संदेश आला की आधी तो खरा का ते बघा. चलानाच्या नावाने खोटे संदेश पाठवून लुटणाऱ्या टोळ्या आहेत. संदेशात फाइल येते, ती उघडली की फोनमध्ये काहीतरी बसते आणि बँकेतले पैसे जातात. संदेशातल्या दुव्यावर बोट लावू नका. स्वतः परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर जा, किंवा महाराष्ट्रातली गाडी असेल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर वा अॅपवर जा, आणि गाडीचा नंबर टाकून बघा. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असते. तिथे चलान दिसले तर खरे, नाही दिसले तर संदेश पुसून टाका.

खरे निघाले, तर ते पूर्ण वाचा. कलम कोणते, तारीख-वेळ कोणती, जागा कोणती, फोटो काय दाखवतो. मला स्वतःला एकदा चलान आले, सिग्नल तोडल्याचे. फोटो उघडला तर काळी मोटारसायकल, आणि माझ्याकडे आहे निळी स्कूटर, तीही दहा वर्षे जुनी. नंबरातला एक आकडा कॅमेऱ्याने किंवा माणसाने चुकीचा वाचला होता. मी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले, आर.सी. जोडली, आणि तक्रार टाकली. चलान रद्द झाले. शेजारी म्हणत होता, "पाचशेच तर आहेत, भरून टाका." भरले असते तर त्या मोटारसायकलवाल्याचा गुन्हा माझ्या खात्यावर पहिला गुन्हा म्हणून लागला असता, आणि पुढे खरोखर माझी चूक झाली असती तर तो दुसरा गुन्हा मोजला गेला असता. साध्या नियमभंगाला, म्हणजे कलम १७७ ला, पहिल्या वेळी ५०० आणि नंतर १५०० रुपयांपर्यंत दंड आहे.

कॅमेऱ्याने पकडलेल्या चलानाबद्दल केंद्राने २०२१ च्या ऑगस्टमध्ये मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. त्यात म्हटले की चलानाबरोबर गुन्हा आणि नंबरप्लेट दिसणारा स्पष्ट फोटो हवा, वेगाचा गुन्हा असेल तर यंत्राने मोजलेला वेग हवा, तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम हवे, यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, आणि रस्त्यावर कॅमेरा असल्याची पाटी लोकांना आधी दिसेल अशी हवी. मुदतीचे नियम त्यानंतरही बदलत आले आहेत, म्हणून चलानावर छापलेली मुदत हीच आपली मुदत धरा आणि तिच्या आत हालचाल करा. फोटो अस्पष्ट असेल, जागा भलतीच असेल, तर तक्रारीत तेच लिहा. "मी गरीब माणूस आहे, माफ करावे" असे लिहू नका. आपण चार्जशीटला उत्तर देताना काय करतो? आरोप क्रमांक एक, त्याचे उत्तर, सोबत पुरावा. तसेच इथे.

आणि पुराव्याच्या बाबतीत आपल्यासारखा श्रीमंत माणूस नाही. दुकानात नोकरी करणाऱ्याला त्या दिवशी चार वाजता तो कुठे होता हे सिद्ध करता येणार नाही. आपल्याकडे रनिंग स्टाफची साइन-ऑन साइन-ऑफची नोंद असते, स्टेशनवर हजेरीपत्रक असते, पोस्टमनची बीट ठरलेली आणि वाटपाची नोंद यंत्रात असते, स्टँडवर गाडी लावल्याची पावती असते. खांडव्याच्या एका सहाय्यक लोको पायलटने असेच केले. गाडी स्टँडला, हा इंजिनवर, आणि चलान शहराच्या दुसऱ्या टोकाचे. स्टँडची पावती आणि साइन-ऑनची नोंद जोडली, विषय संपला. म्हणून स्टँडची पावती त्याच दिवशी फेकू नका. पाकिटात महिनाभर राहू द्या, जागा खात नाही.

आता गुन्हा आपला असेल तर? माझे मत स्पष्ट आहे. हेल्मेट नव्हते, तिघे बसले होते, सिग्नल तोडला, तर दंड भरा. संघटना त्यासाठी भांडणार नाही. रात्री अडीचला ड्यूटी संपवून डोळे मिटत घरी जाणारा माणूस हेल्मेटशिवाय पडला तर काय होते, ते या सभागृहात बसलेल्या काहींनी अॅम्ब्युलन्समागे धावून बघितले आहे. २०१९ च्या सुधारित कायद्यात हेल्मेट नसल्याला आणि दुचाकीवर तिघे बसल्याला १००० रुपये दंड आणि ३ महिने लायसन्सची अपात्रता अशी तरतूद आहे. तडजोडीची रक्कम राज्य सरकारे ठरवतात, त्यामुळे ती राज्याराज्यात वेगळी असते. गुजरातने २०१९ मध्येच हेल्मेटचा दंड पाचशेवर आणला, महाराष्ट्राने नवे दर २०२१ च्या डिसेंबरात लागू केले. इटारसीहून भुसावळला बदलून आलेल्याने तिकडचा दर इकडे सांगून वाद घालू नये.

पण दंड भरायचा तो कुठे आणि कसा, इथेच माझी २०१७ ची चूक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम २०० आहे तडजोडीचे. त्यात दिलेल्या गुन्ह्यांसाठी अधिकृत अधिकाऱ्याकडे, जागेवर किंवा ऑनलाइन, ठरलेली रक्कम भरली की त्या गुन्ह्याबद्दल पुढची कारवाई होत नाही. हा न्यायालयाचा दंड नाही. न्यायालयाने दोषी ठरवले असे त्यात कुठे लिहिलेले नसते. लायसन्स नसणे, हेल्मेट, सीटबेल्ट, वेग, विमा नसणे, पीयूसी नसणे, हातात मोबाइल धरून चालवणे हे गुन्हे तडजोडीत बसतात. दारू पिऊन चालवणे बसत नाही. मोबाइलची बाब सोडली तर धोकादायक रीतीने चालवणेही बसत नाही. ते न्यायालयातच जाते. तडजोड केली तरी लायसन्स निलंबित होण्याची टांगती तलवार काही गुन्ह्यांत राहते, आणि तो गुन्हा पुढच्या वेळी पहिला गुन्हा म्हणून मोजला जातो, हेही २०१९ पासून कायद्यात आहे.

मुदतीत भरले नाही की चलान न्यायालयाकडे जाते. हल्ली त्यासाठी आभासी न्यायालये आहेत, पहिले दिल्लीत २०१९ मध्ये सुरू झाले. तिथे आपल्याला दोनच बटणे दिसतात. सुचवलेला दंड भरायचा आहे, किंवा खटला लढवायचा आहे. लढवायचा म्हटले की प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जाते, तारखा पडतात, रजा जाते. भरायचा म्हटले की संपते, पण संपते ते गुन्हा कबूल करून. हा फरक बोटाखालच्या बटणात दिसत नाही.

टपालातल्या बंधूंना एक मजेची गोष्ट सांगतो. कलम २०८ मध्ये लिहिले आहे की छोट्या गुन्ह्याचे समन्स आले तर आरोपीने न्यायालयात न येता गुन्हा कबूल करून दंडाची रक्कम मनीऑर्डरने पाठवावी, आणि कबुली मनीऑर्डरच्या कूपनावरच लिहावी. म्हणजे एके काळी लोकांच्या गुन्ह्याच्या कबुल्या तुमच्या थैलीतून जात होत्या, आणि तुम्हाला वाटायचे कुणी आईला पैसे पाठवतो आहे! त्याच कलमात असेही आहे की या रीतीने कबूल करून रक्कम भरली तर पुढे कारवाई नाही, आणि त्या कबुलीमुळे लायसन्सची अपात्रताही येत नाही.

लोकअदालतीबद्दल फार विचारतात. "थांबा, लोकअदालतीत अर्ध्यात मिटेल," असे सल्ले चहाच्या टपरीवर फुकट मिळतात. लोकअदालत हा चांगला मार्ग आहे, १९८७ च्या कायद्याने मिळालेला आहे. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकमासारखा असतो, त्यावर अपील नाही. पण ती दोन्ही बाजूंच्या संमतीने चालते, सवलत मिळेलच असे कुणी लिहून दिलेले नाही, आणि तडजोडीत न बसणारा गुन्हा तिथे मिटत नाही. सवलतीच्या आशेने चलाने साठवणाऱ्या माणसाची गाडी विकताना आरटीओत अडते आणि नाकाबंदीत सापडला की सगळा हिशोब एकदम निघतो. चूक तुमची, रक्कम छोटी आणि मुदत चालू असेल, तर लोकअदालतीची वाट बघण्यात शहाणपण नाही. चलाने जुनी असतील, बरीच असतील, काही वादाची असतील, तर जरूर जा. जाताना चलानांची छापील प्रत, आर.सी. आणि ओळखपत्र न्या, आणि निवाड्याची प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका.

ज्याला खटला लढवायचा आहे त्याने एक लक्षात ठेवावे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. योग्य कारण असेल तर न्यायालय ती मुदत ओलांडू देऊ शकते. म्हणून हा मुद्दा वकिलाकडून मांडून घ्या, मोबाइलवर वाचून स्वतः न्यायाधीशांशी वाद घालू नका.

रस्त्यावर अडवले तर? गाडी बाजूला घ्या, शांत राहा. लायसन्स, आर.सी., विमा, पीयूसी डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये दाखवले तरी चालते, २०१८ पासून ते मूळ कागदासारखे धरायचे आहे. लायसन्स ताब्यात घेतले तर त्याची पोच मागा, कलम २०६ प्रमाणे ती पोच दाखवून तिच्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. आणि चिरीमिरी देऊ नका. आपला टीटीई पावती न फाडता पैसे घेतो तेव्हा आपण त्याला काय म्हणतो? मग रस्त्यावर आपणच बिनपावतीचे दोनशे पुढे करायचे? तो पैसा जातो आणि चलान तरी कुठे जाते, कॅमेऱ्याने फोटो काढलेला असतोच.

आता बदलीवाल्यांचे दुखणे. रेल्वेचा माणूस भुसावळहून जबलपूरला गेला, जाताना मोटारसायकल ओळखीच्या माणसाला विकली, पैसे घेतले, हात मिळवला. नावावर करून देण्याचा फॉर्म सही करून त्याच्या हातात दिला. त्याने तो कपाटात ठेवला. तीन वर्षांनी जबलपूरला चलान येते, गाडी जळगावात सिग्नल तोडते आहे. कायदा नोंदणीतले नाव बघतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात तेच म्हटले, नोंदणीत ज्याचे नाव तो मालक. म्हणजे पाचशेचे चलान ही त्यातली सौम्य गोष्ट, त्या गाडीखाली माणूस आला तर भरपाईचा दावा तुमच्या दारात येतो. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात ४५ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. घेणाऱ्याच्या भरवशावर राहू नका. स्वतः कळवा, पोच घ्या, त्याची प्रत बदलीच्या ऑर्डरबरोबर फाइलला लावा.

गाडी बरोबर नेणाऱ्यालाही नियम आहे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथली नवी नोंदणी लागते. सिकंदराबाद, हुबळी, नागपूर असे फिरणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये बीएच मालिका आली, केंद्र सरकारच्या नोकराला ओळखपत्रावर ती मिळते, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. नवीन गाडी घेणाऱ्या तरुणांनी तिचा विचार करावा. पत्ता बदलला तर तीस दिवसांत कळवायचा असतो, आणि मोबाइल नंबर तर लगेच बदलून घ्या. जुन्या नंबरवर चलान येत राहते आणि तुम्हाला पत्ता लागतो थेट समन्सनंतर.

मेल मोटर सर्व्हिसचे ड्रायव्हर इथे आहेत, त्यांच्यासाठी थोडे वेगळे बोलतो. तुमच्यासाठी लायसन्स म्हणजे भाकरी. गाडीची पीयूसी संपली, ब्रेकचा दिवा गेला, तर ते चलान मुकाट्याने स्वतःच्या खिशातून भरू नका. सदोष गाडीबद्दल आणि धुराबद्दल कायदा चालवणाऱ्याला धरतो तसा चालवू देणाऱ्यालाही धरतो. गाडी बाहेर काढण्यापूर्वी दोष लॉगबुकात लिहा, लेखी कळवा, कळवल्याची सही घ्या. मग बोलायला तोंड राहते. सिग्नल तुम्ही तोडलात तर ते चलान मात्र तुमचेच. आणि लायसन्स निलंबनाची नोटीस आली तर गप्प बसू नका. म्हणणे मांडायची संधी द्यावीच लागते, आणि हुकूम मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम १९ खाली अपील करता येते. एकतीसाव्या दिवशी माझ्याकडे आलात तर मी चहा पाजू शकेन, जास्त काही नाही.

पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवक स्वतःच्या दुचाकीवर फिरतात, एका हातात फोन. रस्ता बघण्यापुरता फोन चालतो, तोही गाडीवरचे लक्ष न हटवता. बोलणे चालत नाही. साहेबाचा फोन आला तरी थांबून घ्या. साहेब चलान भरणार नाहीत.

कॉलनीतल्या बापांना मात्र मी आज दरडावून सांगणार आहे. संध्याकाळी रेल्वे कॉलनीत बघा, नववीतली पोरे बापाच्या मोटारसायकलवर चकरा मारतात आणि बाप कट्ट्यावर बसून कौतुकाने बघतो. २०१९ पासून कलम १९९-अ आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. मुलाने गाडी बापाच्या संमतीने नेली असेच न्यायालय धरून चालते, माहीत नव्हते हे बापाने सिद्ध करायचे. हे तडजोडीत बसत नाही. आणि सरकारी नोकराला फौजदारी न्यायालयात शिक्षा झाली की रेल्वेत शिस्त व अपील नियम १९६८ चा नियम १४ उघडतो, टपालात १९६५ च्या नियमांचा नियम १९. ज्या वागणुकीमुळे शिक्षा झाली तिच्यावर, नेहमीची चौकशी न करता, कारवाई करता येते. अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडी झाली की निलंबन आपोआप मानले जाते. पोराच्या एका चकरीसाठी एवढे?

दारूचेही तसेच. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेले की गुन्हा, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तिथे संघटनेचा माणूस बरोबर उभा राहील, कारण तो सभासद आहे. पण बाजू मांडायला फारसे काही उरलेले नसते.

आपले फाटकवाले इथे बसले आहेत, म्हणून एक गोष्ट मध्येच सांगतो. बंद फाटक उघडणे किंवा तोडणे हे ट्रॅफिकचे चलान नाही. ते रेल्वे कायदा १९८९ चे कलम १६० आहे, उघडल्यास तीन वर्षांपर्यंत आणि तोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. फाटकवाल्याला शिव्या देऊन बूम उचलायला लावणाऱ्यांत आपलेच रेल्वेवाले निघाले आहेत, घाई असते म्हणून. अशा वेळी फाटकवाल्याने गाडीचा नंबर आणि वेळ नोंदवावी आणि स्टेशन मास्तरला कळवावे, मग तो कुणाचाही साहेब असो.

काहीजण घाबरून विचारतात, चलानामुळे नोकरी जाते का? साध्या चलानाने जात नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा एक निकाल आहे, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आपल्या पुण्याचेच. दिल्ली दूध योजनेतल्या एका रोखपाल कारकुनाने घरच्या संकटात पाचशे रुपयांची अफरातफर केली, पुढे पैसे परत केले, न्यायालयाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, पण खात्याने साठच्या दशकात नोकरीवरून काढले. वीस वर्षांनी त्याला न्याय मिळाला. त्या निकालात सरन्यायाधीशांनी उदाहरण दिले ते नेमके आपल्या विषयाचे. नो-पार्किंगमध्ये स्कूटर लावली म्हणून शिक्षा झालेल्या सरकारी नोकराला बडतर्फ करावे असे काही संविधानाला अभिप्रेत नाही, अशा अर्थाचे ते बोलले. शिक्षेचा अधिकार आहे, पण तो न्यायाने आणि तारतम्याने वापरायचा. हा निकाल प्रत्येक शाखा सचिवाने फाइलला ठेवावा. माझ्याकडे त्याच्या झेरॉक्स आहेत.

पण कळवायचे ते कळवा. अटक झाली किंवा फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवले, तर वरिष्ठांना लगेच लेखी कळवणे हे आपले कर्तव्य आहे, आणि न कळवणे हा वेगळा गुन्हा होऊन बसतो. आणि घरात भरतीची तयारी करणारी मुले असतील तर त्यांना आजच विचारा, कधी न्यायालयात दंड भरला आहे का. तडजोडीची रक्कम आणि न्यायालयाचा दंड वेगळे. न्यायालयाचा असेल तर फॉर्ममध्ये 'होय' लिहायचे, कलम, तारीख, रक्कम लिहायची, पावती आणि निकालाची प्रत जोडायची. 'होय' लिहिल्याने बहुधा नोकरी जात नाही. त्या मुलाचे दहा महिने 'नाही' ने खाल्ले.

चहानंतर मागच्या टेबलावर मी आणि टपालचे कार्यकर्ते बसणार आहोत. ज्यांच्याकडे चलाने आहेत त्यांनी फोन चार्ज करून या, आर.सी. बरोबर असेल तर आणा. ज्यांनी गाड्या विकल्या आणि नाव बदलल्याची पोच नाही, त्यांचे आधी बघू. त्या ट्रॅकमनचा मुलगा आता आपल्याच सेक्शनला आहे, आज वर्गाला आला आहे. ऑनलाइन तक्रार कशी टाकायची ते तो दाखवेल. माझ्यापेक्षा त्याला ते बरे जमते.